संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आणि संसद

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या मुलांना घराजवळ उच्च शिक्षण मिळावे, यासाठी हे विद्यापीठ व्हावे असा आग्रह धरणाऱ्यांत राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे प्रमुख होते. त्याच दिवसांत पूर्वेकडे नेफा प्रदेशात सेला आणि बोमडिला ही ठाणी एकामागून एक पडत होती. उद्घाटनानंतर तीन दिवसांनी, म्हणजे २१ नोव्हेंबरला, यशवंतरावांनी दिल्लीत देशाचे संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. आदल्या रात्रीच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. म्हणजे ज्या युद्धासाठी त्यांना बोलावले गेले ते युद्ध ते पोहोचेपर्यंत थांबले होते. त्यांच्या वाट्याला आला तो पराभवाचा हिशेब, आणि तो हिशेब मागायला संसद बसली होती.

सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावून गेला, असे वर्णन त्या वेळी महाराष्ट्रात घरोघरी केले गेले. ते आजही सभासंमेलनांत ऐकू येते. त्यातला अभिमान समजण्यासारखा आहे. परंतु त्यामुळे यशवंतरावांच्या त्या चार वर्षांतील खरी अवघड गोष्ट झाकली जाते. लष्कर पुन्हा उभे करणे हे काम मोठे होतेच. त्याहून नाजूक काम होते ते लोकप्रतिनिधींना काय सांगायचे, किती सांगायचे आणि काय राखून ठेवायचे, हे ठरविण्याचे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा विचार मुख्यतः या अंगाने केला आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी त्यांच्या आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात मोडते. वडील बळवंतराव लहानपणीच वारले आणि आई विठाबाई यांनी हालअपेष्टा सोसून मुलांना वाढविले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९३२ साली २६ जानेवारीला तिरंगा फडकविल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवडा आणि विसापूर येथील तुरुंगांत या शाळकरी मुलाला ज्येष्ठ राजबंद्यांचा सहवास लाभला आणि गांधीवाद, समाजवाद, मार्क्सवाद यांवरील चर्चा कानी पडल्या. सुटून आल्यावर १९३४ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पुढील शिक्षणासाठी कोल्हापूरला आले.

कोल्हापूरची ही चार वर्षे चरित्रकार बहुधा दोन ओळींत संपवितात. त्यांना थोडा अधिक वेळ देणे आवश्यक आहे. राजाराम महाविद्यालय तेव्हा शहराच्या मध्यवस्तीत, भवानी मंडपाच्या परिसरात होते. प्राचार्य डॉ. बाळकृष्ण हे शिवकालाचे अभ्यासक होते आणि त्यांचा शिवचरित्रावरील इंग्रजी ग्रंथ अनेक खंडांत प्रसिद्ध होत होता. कादंबरीकार ना. सी. फडके आणि कवी माधव जूलियन हे त्या काळात त्याच महाविद्यालयात अध्यापन करीत होते. खेड्यातून आलेल्या, तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या तरुणाला एवढ्या नामवंतांच्या वर्गात बसायला मिळावे, ही शाहू छत्रपतींनी घातलेल्या शैक्षणिक पायाची फलश्रुती होती. इतिहास आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन यशवंतराव १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा उत्तीर्ण झाले.

कोल्हापूर हे संस्थान होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. ब्रिटिश मुलखातील मुंबई प्रांतात १९३७ साली निवडणुका होऊन लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. कोल्हापुरात राज्यकारभार दरबाराकडे होता आणि प्रजापरिषदेची स्थापनादेखील १९३९ मध्ये, म्हणजे यशवंतराव पदवी घेऊन गेल्यानंतर झाली. जबाबदार राज्यपद्धती म्हणजे काय, हे पुस्तकात वाचणारा हा विद्यार्थी सुट्टीत कराडला गेला की निवडणुकीच्या राजकारणात असे आणि परत आला की दरबारी राज्यात. राजाने प्रजेचे हित पाहणे आणि राज्यकर्त्याने प्रजेला उत्तर देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कोल्हापुरात राहणाऱ्याला जितके स्पष्ट दिसावे तितके अन्यत्र क्वचितच दिसले असेल. शाहू छत्रपतींचे संस्थान पहिल्या बाबतीत देशात अग्रेसर होते; दुसरी बाब मात्र तेथे अद्याप यायची होती.

हा मुलूख सैनिकांचाही आहे. शिरोळ तालुक्यातील एका टाकळीचे नावच सैनिक टाकळी असे रूढ झाले आहे. गडहिंग्लज, कागल, करवीर या भागांतील कितीतरी घरांत आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्यांनी मराठा पलटणीत चाकरी केली आहे. अशा घरांना संरक्षण धोरण हा शब्द परका वाटेल, पण बर्फात पाठविलेल्या जवानाच्या पायात कोणते बूट होते, हा प्रश्न परका वाटत नाही. १९६२ नंतर संसदेत नेमका हाच प्रश्न विचारला गेला.

पुण्याच्या विधी महाविद्यालयातून १९४१ मध्ये कायद्याची पदवी, १९४२ च्या जूनमध्ये वेणूताईंशी विवाह, त्यानंतर लगेच भूमिगत चळवळ आणि कारावास, हा क्रम सर्वपरिचित आहे. मधल्या काळात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षण त्यांना वाटले होते. महायुद्धाच्या प्रश्नावर मतभेद झाल्यावर ते दूर झाले. १९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांचे संसदीय सचिव झाले. पद लहान होते, पण शिक्षण मोठे होते. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्याच्या हातात जी टिपणे असतात, ती कोठून येतात, त्यांत खाते काय सांगते आणि काय गाळते, हे संसदीय सचिवाला जवळून दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीनंतर संयुक्त महाराष्ट्र समितीचा प्रबळ विरोधी पक्ष त्यांच्यासमोर बसला होता. त्यात एस. एम. जोशी होते, आचार्य अत्रे होते. अशा विरोधकांसमोर रोज उभे राहिलेल्या मंत्र्याला पुढे दिल्लीचे सभागृह फारसे अवघड गेले नाही, असे म्हणण्यास जागा आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि ते त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत.

आता १९६२ पूर्वीची संसद पाहू. आपल्या राज्यघटनेने सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित केला आहे. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. सैन्यावर होणारा प्रत्येक रुपया लोकसभेने मंजूर करावा लागतो, आणि तो कसा खर्च झाला याची तपासणी महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून लोकलेखा समिती करते. स्वातंत्र्यानंतर लगेच झालेल्या जीपगाड्यांच्या खरेदीवर या समितीने ठपका ठेवला होता. त्या खरेदीशी संबंधित असलेले व्ही. के. कृष्ण मेनन पुढे १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले. १९५९ च्या ऑगस्टअखेर लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी त्यांच्याशी झालेल्या मतभेदांतून राजीनामा दिला आणि पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. आचार्य कृपलानी यांनी १९६१ मध्ये लोकसभेत मेनन यांच्या कारभारावर अत्यंत कठोर टीका केली. म्हणजे साधने होती आणि ती वापरणारी माणसेही होती.

तरीही या साधनांतून एक महत्त्वाची गोष्ट निसटली, आणि तिचा संबंध कोल्हापूरशी आहे. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे कोल्हापूर परिसरातील सेनानी १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे प्रमुख होते. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी नेफाच्या संरक्षणाविषयीचे टिपण वर पाठविले. सीमेलगतच्या एकाकी चौक्यांवर लढणे शक्य नाही. जेथपर्यंत आपला दारूगोळा आणि रसद पोहोचते आणि शत्रूला मात्र लांबून आणावी लागते, अशा मागील रेषेवर ठाम उभे राहावे, असा त्याचा आशय होता. १९६० च्या मार्चमध्ये लखनौला त्यांनी लाल किल्ला या नावाने कृतक युद्धाचा अभ्यास घेऊन हाच मुद्दा वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे मांडला. संरक्षणमंत्र्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि कोल्हापूरला येऊन राहिले. युद्धानंतर सरकारने त्यांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतले.

ते टिपण संसदेपुढे कधी आले नाही. येऊही शकले नसते, कारण लष्करी योजना जाहीर करता येत नाही. परंतु आपली रसद सीमेवर पोहोचते का, रस्ते किती झाले, गरम कपडे किती आहेत, हे प्रश्न गुप्ततेचा भंग न करता विचारता येत होते. त्या वर्षांतील चर्चा पाहिल्या तर सभासदांचा रोख बहुतांशी किती चौरस मैल प्रदेश गेला, तो केव्हा परत घेणार, चीनला हुसकावून केव्हा लावणार, याकडे होता. त्या दबावाचाही परिणाम आघाडीवर चौक्या उभारण्याच्या धोरणावर झाला. पराभवाची जबाबदारी ठरविताना संसदेने स्वतःला वगळले, हे येथे नमूद करावेसे वाटते.

१९६२ च्या नोव्हेंबरात युद्ध चालू असतानाच संसदेचे अधिवेशन भरले. अटलबिहारी वाजपेयी यांच्यासारख्या तरुण विरोधी नेत्याने ते लवकर बोलवावे असा आग्रह धरला होता आणि नेहरूंनी तो मान्य केला. युद्धकाळात सरकारवर उघड टीका होऊ देणे, हा त्या पिढीचा मोठेपणा होता. स्वपक्षाच्या सभासदांचाही रोष अनावर झाल्याने मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले होते. त्यांच्या जागी आलेल्या यशवंतरावांना दिल्लीत फारशी ओळखपाळख नव्हती, सेनेचा अनुभव नव्हता. १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, हे मात्र विरोधी पक्षांनी त्यांना दिलेले मोठे अभय होते.

मंत्रालयात त्यांनी प्रथम घडी बसविली. तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांच्याबरोबर रोज सकाळी बैठक घेण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला. नव्या लष्करप्रमुखांना, जनरल जे. एन. चौधरी यांना, त्यांनी लष्करी बाबतीत मोकळीक दिली. नेमणुका आणि बढत्यांत मंत्र्याच्या मर्जीला वाव होता, अशी जी तक्रार मागील काळात होती, ती त्यांच्या काळात ऐकू आली नाही. साधी वाटणारी ही सुधारणा पुढच्या सगळ्या कामाचा आधार ठरली.

१९६३ च्या मे महिन्यातील पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी लोकसभेत आले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतील हा पहिला अविश्वास ठराव होय. चार दिवसांच्या चर्चेनंतर २२ ऑगस्टला तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. निकाल आधीच ठाऊक होता. तरीही सरकारला चार दिवस बसून पराभवाची मीमांसा ऐकावी लागली, आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी यशवंतरावांना लोकसभेत उभे राहून त्या पराभवाच्या चौकशीविषयी सांगायचे होते.

ही चौकशी लष्करप्रमुखांनी नेमली होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेमसिंग भगत हे तिचे सदस्य होते. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, अधिकाराची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनापतींची कुवत एवढ्या मुद्द्यांपुरती तिची कक्षा आखलेली होती. मंत्रालयाने आणि मंत्रिमंडळाने घेतलेल्या निर्णयांत शिरण्याचा तिला अधिकार नव्हता. विद्यार्थ्यांनी ही मर्यादा नीट ध्यानात घ्यावी, कारण सभासदांना सर्वांत अधिक जाणून घ्यायचे होते ते नेमके तेच: आदेश कोणी दिला?

२ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी निवेदन केले. अहवाल प्रसिद्ध करणे सुरक्षेच्या आणि जवानांच्या मनोधैर्याच्या दृष्टीने योग्य होणार नाही, असे सांगून त्यांनी त्याचा गोषवारा सभागृहापुढे ठेवला. मूलभूत प्रशिक्षण चांगले होते, पण पर्वतयुद्धाची आणि विशेषतः चिनी युद्धतंत्राला तोंड देण्याची तयारी करून घेतलेली नव्हती, हे त्यांनी मान्य केले. सामग्रीची कमतरता होती. जी होती तीही वाहनांच्या आणि रस्त्यांच्या अभावी वेळेवर वर पोहोचली नाही. मैदानी हवामानातून थेट उंचीवर नेलेल्या जवानांना विरळ हवेची सवय करून घ्यायला वेळ मिळाला नव्हता. गुप्तवार्ता मिळविण्यात आणि तिचा अर्थ लावण्यात त्रुटी होत्या. वरिष्ठ पातळीवरील काही सेनाधिकाऱ्यांनी खालच्या अधिकाऱ्यांच्या कामात, अगदी तुकड्या कोठे ठेवायच्या इथवर हस्तक्षेप केला, हेही त्यांनी सांगितले. कनिष्ठ अधिकारी आणि जवान यांच्याकडे दोष जात नाही, असे त्यांनी आवर्जून नोंदविले.

हे निवेदन पुन्हा वाचताना दोन भावना एकाच वेळी मनात येतात. पराभवानंतर वर्षभराच्या आत एखाद्या सरकारने आपल्या सैन्याच्या उणिवांची इतकी सविस्तर कबुली लोकप्रतिनिधींपुढे द्यावी, ही गोष्ट जगातही फारशी आढळत नाही. शेजारच्या पाकिस्तानात तेव्हा लष्करशहाच सत्तेवर होता, तेथे अशा निवेदनाचा प्रश्नच नव्हता. मात्र राजकीय नेतृत्वाच्या चुकीचा प्रश्न त्यात अलगद बाजूला राहिला. नेहरूंना आणि मंत्रिमंडळाला सांभाळून घेण्याची यशवंतरावांची भूमिका उघड होती. चीनची फौज सीमेवर असताना अहवाल दडविणे समर्थनीय होते. पण त्या दिवशी पडलेला पायंडा पुढे तसाच राहिला. कोणत्याही पक्षाच्या सरकारने तो अहवाल अधिकृतपणे खुला केला नाही. २०१० मध्येही संरक्षणमंत्र्यांनी संसदेला तेच उत्तर दिले. २०१४ मध्ये त्यातील मोठा भाग बाहेर आला तो नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने प्रसिद्ध केल्यामुळे. यशवंतराव पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र खात्यांचे मंत्री झाले, विरोधी पक्षनेतेही झाले. अहवाल खुला करावा अशी मागणी करण्याची संधी त्यांना मिळाली असती. ती त्यांनी घेतली नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र त्यांनी संसदेला विश्वासात घेतले. १९६३-६४ च्या अंदाजपत्रकात संरक्षणावरील तरतूद आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून अधिक झाली. एवढा पैसा मागायचा तर त्याचा आराखडा दाखवायला हवा. १९६४ ते १९६९ या काळासाठी संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखण्यात आली. तीत सव्वाआठ लाखांचे लष्कर, पर्वतीय युद्धासाठी खास डिव्हिजन, ४५ स्क्वॉड्रनचे विमानदल आणि देशातच शस्त्रनिर्मितीचा विस्तार अशी उद्दिष्टे होती. नाशिकजवळ ओझरचा मिग विमानांचा कारखाना याच काळातला. योजना नावाची गोष्ट शेती, धरणे आणि पोलाद यांच्यासाठी असते, सैन्यासाठी नसते, अशी तोवरची समजूत होती. योजना आली म्हणजे उद्दिष्ट आले आणि उद्दिष्ट आले म्हणजे ते पुरे झाले की नाही हे विचारता येते. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांच्यासारख्या अभ्यासू सभासदाला हे मोजमाप फार उपयोगाचे होते. वेंगुर्ल्याचा हा वक्ता आणि कराडचा हा मंत्री सभागृहात परस्परविरोधी बाकांवर असत. दोघांचे मराठी वळण मात्र त्यांच्या इंग्रजीतूनही लपत नसे, अशी आठवण जुनी मंडळी सांगत.

शस्त्रास्त्रांसाठी यशवंतराव १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेत गेले असतानाच २७ तारखेला नेहरूंचे निधन झाले आणि त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी ते सोव्हिएत युनियनलाही जाऊन आले. लालबहादूर शास्त्रींनी त्यांच्याकडेच संरक्षण खाते ठेवले.

१९६५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात संसदेचे अधिवेशन चालू होते. १ सप्टेंबरला पाकिस्तानने छांब भागात रणगाडे घातले. त्या दुपारी लष्करप्रमुख आणि विमानदलप्रमुख अर्जनसिंग यशवंतरावांकडे आले. मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता त्यांनी विमानदल वापरण्यास संमती दिली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. त्या संध्याकाळी चार व्हँपायर विमाने गमवावी लागली. निर्णय मात्र फिरविला गेला नाही. ६ सप्टेंबरला भारतीय फौजा लाहोरच्या रोखाने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेल्याचे त्यांनी संसदेला सांगितले. पुढे युद्धबंदीपर्यंत ते सभागृहात वेळोवेळी निवेदने करीत राहिले. यश तेवढे सांगावे आणि नुकसान लपवावे, असा मोह युद्धकाळात कोणत्याही मंत्र्याला होतो. यशवंतरावांची भाषा संयत होती, वल्गना त्यांनी केल्या नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्या शब्दावर विरोधी सभासदही विसंबले. रात्री ते दैनंदिनी लिहीत. त्या नोंदींच्या आधारे त्यांचे तेव्हाचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी पुढे त्या युद्धाची हकीकत लिहिली. सेनापतींच्या द्विधा मनःस्थितीचे आणि मंत्र्याच्या स्वतःच्या काळजीचे जे चित्र तीत दिसते, ते सभागृहातल्या निवेदनांत अर्थातच नव्हते.

१९६६ च्या जानेवारीत ते शास्त्रींबरोबर ताश्कंदला होते आणि त्यांच्या निधनाचा आघात त्यांनी तेथेच सोसला. १४ नोव्हेंबर १९६६ रोजी ते गृहमंत्री झाले आणि संरक्षण खात्याशी त्यांचा संबंध संपला. १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा पडली आणि मिनू मसानी हे त्या पदावरील पहिले विरोधी सभासद ठरले. संरक्षण खात्याचा वर्षभर अभ्यास करणारी संसदेची स्वतंत्र स्थायी समिती मात्र १९९३ मध्ये स्थापन झाली. ती पाहायला यशवंतराव नव्हते.

त्यांचे अखेरचे दिवस एकाकी गेले. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्राचा पहिला खंड १९८४ मध्ये आला. त्यात कोल्हापूरचे दिवस आहेत, पण कथन १९४६ पाशी थांबते. संरक्षण खात्याची हकीकत ज्या पुढील खंडांत यायची होती, ते लिहून झाले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात जतन करून ठेवला आहे.